पेटीच्या मागोमाग ठाण्यापर्यंत

हायगेट, लंडन : फेब्रुवारी १९०९

अंगावर जाड लोकरीचा कोट आहे, तरी थंडी हाडात शिरते. संध्याकाळचे पाच वाजलेत आणि हायगेटच्या टेकडीवर अंधार उतरलाय. क्रॉमवेल ॲव्हेन्यूवरच्या ६५ क्रमांकाच्या घरापुढे तुम्ही थांबता. समोर फुटपाथवर एक माणूस उगाच रेंगाळतोय. त्याच्याकडे बघू नका. तो तुम्हाला बघतोच आहे. या घरात कोण आलं, कोण गेलं, याची खबर स्कॉटलंड यार्डकडे पोचते.

दार उघडतं आणि सगळ्यात आधी येतो तो फोडणीचा वास. तुम्ही ठाणे जिल्ह्यातले. सहा हजारांहून जास्त मैल समुद्र ओलांडून आलात आणि इथं कुणीतरी तेलात मोहरी टाकतंय. क्षणभर पाय तिथंच थबकतात.

हे इंडिया हाऊस. १ जुलै १९०५ रोजी शामजी कृष्ण वर्मांनी हिंदी विद्यार्थ्यांसाठी हे वसतिगृह उघडलं. पंचवीसएक जणांची राहायची सोय, वाचनालय, व्याख्यानाचा दिवाणखाना. इंग्लंडात शिकायला आलेल्या पोरांना राहायला जागा आणि पोटाला घरचं अन्न मिळावं, हा वरवरचा हेतू. खरा हेतू दिवाणखान्यातल्या रविवारच्या बैठकीत कळतो. इथं बंगाली, पंजाबी, गुजराती, तमिळ आणि मराठी मुलं एकाच टेबलाशी बसून १८५७ बद्दल बोलतात आणि त्याला बंड म्हणत नाहीत, स्वातंत्र्ययुद्ध म्हणतात. शामजी स्वतः १९०७ पासून पॅरिसला आहेत. आता या घराचा श्वास म्हणजे नाशिकजवळच्या भगूरचा पंचवीस वर्षांचा तरुण, विनायक दामोदर सावरकर. टिळकांच्या शिफारशीनं शामजींची शिवाजी शिष्यवृत्ती मिळवून तो १९०६ च्या जुलैत इथं आला. कागदोपत्री तो ग्रेज इनमध्ये कायदा शिकतोय. रात्री तो काय करतो, ते आज तुम्ही बघणार आहात.

दिवाणखान्यात थांबू नका. स्वयंपाकघरात या. इथला आचारी चतुर्भुज अमीन लवकरच हिंदुस्थानात परत निघालाय. त्याच्या सामानातल्या एका पेटीला दोन तळ आहेत. वरच्या तळावर कपडे आणि किरकोळ वस्तू. खालच्या चोरकप्प्यात वीस ब्राउनिंग पिस्तुलं आणि काडतुसं.

ही पिस्तुलं तुमच्या ओंजळीत मावतील एवढी आहेत. एक हातात घेऊन बघा. थंड, जड, गुळगुळीत. मग खोलीतल्या चेहऱ्यांकडे बघा. हे पिस्तूल शेवटी कुणाच्या हातात जाईल, ते यांच्यापैकी कुणालाच ठाऊक नाही. ज्याच्या हातात ते जाणार आहे, तो मुलगा या क्षणी औरंगाबादेत शिकतोय. त्यानं लंडन कधी पाहिलेलं नाही आणि तो ते कधी पाहणारही नाही.

परदेशात राहून देशासाठी लढणाऱ्याचं सगळं दुःख या अंतरात आहे. पाठवणं त्याच्या हाती असतं. पुढं काय होईल, ते त्याच्या हाती नसतं. आणि पुढं जे होतं, त्याची किंमत बहुतेक वेळा मागं राहिलेली माणसं मोजतात. पेटीचं झाकण बंद होतंय. तुम्ही तिच्यामागं निघा.

समुद्रावर : फेब्रुवारी-मार्च १९०९

बोटीवरचे दिवस लांबलचक. भूमध्य समुद्र, सुएझचा कालवा, तांबडा समुद्र, एडन. जसजसे तुम्ही पूर्वेला सरकता, तसतसा कोट जड वाटू लागतो. पेटी खाली सामानात आहे आणि रात्री इंजिनाच्या धडधडीत तुम्हाला तिचाच विचार येतो.

तुम्ही समुद्रावर असताना, १९०९ च्या याच सुरुवातीच्या महिन्यांत, आशियाच्या दुसऱ्या टोकाला आणखी काही परागंदा माणसं जमली आहेत. जागा रशियाच्या अतिपूर्वेची, व्लादिवोस्तोकच्या बाजूची. माणसं कोरियन. १९०५ मध्ये जपाननं कोरियावर संरक्षित राज्याचा तह लादला, १९०७ मध्ये कोरियाचं सैन्य बरखास्त केलं. तेव्हापासून तुमेन नदी ओलांडून अनेक जण रशियाच्या हद्दीत आले. काही जण तर त्याआधीच पार अमेरिकेला गेले होते. तिथं कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडच्या संत्र्यांच्या बागांत मजुरी करणाऱ्या आपल्या देशबांधवांना आन चांग-हो नावाच्या तरुणानं एकत्र बांधलं. त्यांना शिकवलं, संघटना उभारली. परक्या मातीत राबून मिळालेल्या पैशातून तिथं मायदेशाचं काम चालतं.

रशियाच्या हद्दीतल्या या बाराजणांचा मार्ग वेगळा आहे. त्यांनी प्रत्येकी डाव्या हाताच्या अनामिकेचं पेर कापलं आणि त्या रक्तानं झेंड्यावर कोरियाच्या स्वातंत्र्याची अक्षरं लिहिली. त्यांच्यातल्या एकाचं नाव आन जुंग-गन. वय एकोणतीस. हे नाव लक्षात ठेवा. तो तुम्हाला पुन्हा भेटणार आहे.

६ मार्चला बोट मुंबईला लागते. तुम्ही धक्क्यावर उतरता आणि वाट पाहता की कस्टमचा माणूस पेटीच्या तळावर ठोकून बघेल. तो बघत नाही. पेटी शहरात शिरते. पण ज्यांच्या भरवशावर ती पाठवली होती, ते सावरकरांचे थोरले बंधू गणेश दामोदर, म्हणजे बाबाराव, पेटी किनाऱ्याला लागण्याआधीच पकडले गेले आहेत. लंडनमध्ये आखलेली योजना मुंबईला पोचेपर्यंत शिळी झाली. पिस्तुलं दुसऱ्या हातांकडे गेली आणि तिथून पुढं नाशिककडे.

आचारी अमीनचा निरोप इथंच घ्या. पुढं तो खटल्यात सरकारच्या बाजूनं साक्ष देईल. त्याच्यावर घाईनं दगड उचलू नका. क्रांतीच्या गोष्टीत आपण भाषणं देणाऱ्यांची नावं पाठ करतो. पण पेटी वाहणाऱ्या, भाकरी थापणाऱ्या, निरोप पोचवणाऱ्या साध्या माणसांवर पोलिसांचा सगळा भार पडला की त्यांच्या पाठीशी कुणी उभं नसतं, हेही त्या गोष्टीचंच एक पान आहे.

नाशिक : जून १९०९

गोदावरीला अजून पूर नाही. रामकुंडावर नेहमीची गर्दी. गावात मात्र लोक दबक्या आवाजात बोलतायत. बाबारावांना जन्मठेप झाली, काळ्या पाण्याची, मालमत्ता जप्तीसह. आरोपातला मुख्य भाग काय, तर कवी गोविंदांच्या कवितांचं पुस्तक छापलं. कवितांसाठी अंदमान. तुम्ही ज्या ओसरीवर टेकला आहात, तिथला म्हातारा हे दोनदा विचारून खात्री करून घेतो.

सावरकरांच्या घरात आता येसूवहिनी आहेत, बाबारावांची पत्नी. पती तुरुंगात, दीर विलायतेत. नाशिकच्या बायकांना जमवून त्या स्वदेशीचं काम करतात. या गोष्टीत त्यांच्या हातात पिस्तूल कधीच येत नाही. पण लंडनहून निघालेल्या प्रत्येक गोष्टीचा हिशेब त्यांच्या दारात चुकता होतो. झडती त्यांच्या घराची, जप्ती त्यांच्या भांड्यांची, वाट पाहणं त्यांचं. पुढं १९१९ मध्ये त्या जातील. दहा वर्षांत त्यांना नवऱ्याची भेट मिळणार नाही.

बाबारावांच्या शिक्षेची बातमी लंडनला पोचते. १ जुलैला इंडिया हाऊसमध्ये येणारा मदनलाल धिंग्रा ब्रिटिश अधिकारी सर कर्झन वायलीवर गोळ्या झाडतो. १७ ऑगस्टला पेंटनव्हिल तुरुंगात त्याला फाशी होते. आता इंडिया हाऊसच्या दारातला तो रेंगाळणारा माणूस एकटा राहिलेला नाही. वर्ष संपेपर्यंत ते घर मिटेल.

लंडन आणि हार्बिन : ऑक्टोबर १९०९

२४ ऑक्टोबर. विजयादशमी. लंडनच्या बेजवॉटर भागातल्या एका हिंदी खानावळीत दसऱ्याची पंगत आहे. सभेचे अध्यक्ष चाळिशीचे, दक्षिण आफ्रिकेहून आलेले बॅरिस्टर. तिथल्या हिंदी लोकांची बाजू मांडायला ते जुलैपासून लंडनमध्ये आहेत. नाव मोहनदास करमचंद गांधी. त्यांनी अट घातली आहे की वादाचं राजकारण इथं बोलायचं नाही. म्हणून गांधी बोलतात ते रामायणाबद्दल आणि त्यानंतर उठणारे सावरकरही बोलतात ते रामायणाबद्दलच. एकच कथा आणि तिच्यातून दोघांनी काढलेले धडे दोन टोकांचे. एकाला त्यात सोसण्याचं बळ दिसतं, दुसऱ्याला रावणवधाची अटळता.

तुम्ही मागच्या टेबलाशी बसला आहात. पुढच्या चाळीस वर्षांचा हिंदुस्थान या एका खोलीत वाद घालतोय आणि ताटात वाढलेलं निवत चाललंय.

दोनच दिवसांनी, २६ ऑक्टोबरला, मांचुरियातल्या हार्बिन स्टेशनवर या. थंडी इथंही हाडात शिरते. रशियाच्या मंत्र्याला भेटायला आलेले इतो हिरोबुमी आगगाडीतून उतरतात. कोरियावर नेमलेले जपानचे पहिले रेसिडेंट जनरल हेच. गर्दीतून डाव्या हाताची अनामिका तोकडी असलेला तो तरुण पुढं येतो, आन जुंग-गन. त्याच्या हातात ब्राउनिंग पिस्तूल आहे. तीन गोळ्या इतोंना लागतात. आन पळत नाही. रशियन भाषेत कोरियाचा जयजयकार करतो आणि स्वतःला पकडू देतो.

नोव्हेंबरात गांधी किल्डोनन कॅसल बोटीनं आफ्रिकेला परततात. १३ ते २२ नोव्हेंबर या दहा दिवसांत ते बोटीवरच्याच कागदांवर गुजरातीत एक पुस्तक लिहितात. उजवा हात दुखला की डाव्यानं. लंडनमध्ये भेटलेल्या जहाल तरुणांना दिलेलं ते उत्तर आहे. ‘हिंद स्वराज’. १९०९ या एकाच वर्षात मायदेशासाठी परदेशातून दोन गोष्टी बोटीवरून निघाल्या, एक चोरतळाची पेटी आणि एक हस्तलिखित. इंग्रज सरकार दोन्हींना भ्यालं. १९१० च्या मार्चमध्ये मुंबई सरकारनं त्या पुस्तकावरही बंदी घातली.

विजयानंद थिएटर, नाशिक : २१ डिसेंबर १९०९

आज रात्री ‘संगीत शारदा’चा प्रयोग आहे. गोविंद बल्लाळ देवलांचं नाटक. कोवळ्या मुलीचं लग्न पैशासाठी म्हाताऱ्याशी लावू पाहणाऱ्या बापाची गोष्ट. तुम्ही खुर्ची धरून बसला आहात. नांदी अजून व्हायची आहे. पहिल्या रांगेतल्या खुर्च्या रिकाम्या ठेवल्या आहेत, कारण कलेक्टर साहेब येणार आहेत. त्यांची बदली झालीय. गावातली प्रतिष्ठित मंडळी त्यांना निरोप देणार आहेत.

आर्थर मेसन टिपेट्स जॅक्सन. बाबारावांचा खटला सेशन्स कोर्टाकडे पाठवणारे हेच. पण एवढंच सांगून थांबलं तर ते अर्धं सत्य होईल. या माणसाला संस्कृत उत्तम येतं. भगवानलाल इंद्रजींनी मागं ठेवलेल्या टिपणांवरून गुजरातचा प्राचीन इतिहास मुंबई गॅझेटियरसाठी पुरा करणारे हेच जॅक्सन. लोक त्यांना पंडित जॅक्सन म्हणतात. तुमच्या शेजारचे गृहस्थ त्यांच्याबद्दल आदरानं बोलतायत.

दारात हालचाल होते. साहेब आत येतात. आणि एक मुलगा पुढं सरकतो. रत्नागिरी जिल्ह्यात खेड तालुक्यातल्या गावी जन्मलेला, शिक्षणासाठी इंदूर आणि औरंगाबादला राहिलेला, अनंत लक्ष्मण कान्हेरे. वय अठराच्या आसपास. त्याच्या मागं थिएटरात विनायक नारायण देशपांडे आणि कृष्णाजी गोपाळ कर्वे आहेत, त्याचा नेम चुकला तर पुढं व्हायला. नेम चुकत नाही. लोक ओरडतायत, खुर्च्या उलटतायत. तुमच्या पायापाशी एक माणूस मरतोय आणि त्याच्यावर गोळी झाडणारा मुलगा पकडला जातोय. पळायला त्याला जागाही नाही आणि त्याची तशी इच्छाही दिसत नाही.

डोळे मिटू नका. हायगेटच्या स्वयंपाकघरात जे गुळगुळीत आणि थंड वाटलं होतं, ते इथं गरम आहे. स्वातंत्र्य हवंच होतं, आणि परक्यांनी ते कधी अर्जविनंतीवर दिलं नव्हतं, हे खरं. इथं पडलेल्या माणसाला घरदार होतं, हेही तितकंच खरं. ज्याला या रात्रीबद्दल आदरानं बोलायचं असेल, त्यानं दोन्ही खऱ्या गोष्टी सोबत घेऊन बोलावं.

ठाणे : १९ एप्रिल १९१०

आता तुम्ही तुमच्या गावात आहात. ठाणे स्टेशनवर उतरा. बोरीबंदरहून इथवर आलेली १८५३ ची पहिली आगगाडी पाहिलेली म्हातारी माणसं गावात अजून भेटतील. स्टेशनाबाहेर उंच इमारत एकही नाही. कौलारू घरं, तळी, कौपिनेश्वराचा कळस आणि पूर्वेला खाडी. एप्रिलचं ऊन सकाळीच चढतंय. हवेत खारट चिखलाचा वास आहे.

तुमचे पाय किल्ल्याकडे वळतात. पोर्तुगीजांनी १७३० च्या सुमारास बांधायला घेतलेला, १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतलेला, १७७४ मध्ये इंग्रजांच्या हाती पडलेला हा किल्ला. पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे इथल्याच कैदेतून १८१६ च्या सप्टेंबरात निसटले. इंग्रजांनी पुढं किल्ल्याचा तुरुंग केला. १८४८ च्या मे महिन्यात सह्याद्रीतल्या कोळ्यांचा नायक राघोजी भांगरे याला इथंच फाशी दिलं. लंडन-पॅरिसची नावंही न ऐकलेला तो डोंगरातला माणूस. त्याच्या आणि आज आत असलेल्या तिघांच्या मध्ये बासष्ट वर्षं आहेत आणि तटबंदी तीच आहे.

मार्चच्या अखेरीस मुंबईत खटल्याचा निकाल लागला. कान्हेरे, कर्वे, देशपांडे तिघांना फाशी. इतर काहींना जन्मठेप. आज सकाळी तटाच्या आत ती शिक्षा अमलात येते आहे. तुम्हाला आत सोडणार नाहीत. अनंताच्या घरचंही कुणी आत नाही. तुम्ही फाटकापासून लांब, झाडाखाली उभे राहता. तटाच्या आतून काही ऐकू येत नाही. गावातले व्यवहार चालू आहेत. टोपलीत मासळी घेऊन कोळिणी बाजाराकडे निघाल्या आहेत.

पुढं जे होतं, ते मुद्दाम आणि विचार करून केलेलं आहे. देह नातेवाइकांना दिले जात नाहीत. तुरुंगाचे लोक ते खाडीकाठी नेऊन जाळतात. राखही घरच्यांच्या हाती लागू नये म्हणून ती पाण्यात जाते. समाधी नको, स्मारक नको, लोकांना डोकं टेकवायला जागा नको, हा हिशेब त्यामागं आहे.

इथून चोवीस दिवस मागं आणि कित्येक हजार मैल पूर्वेला, २६ मार्चला, पोर्ट आर्थरच्या तुरुंगात आन जुंग-गनला फाशी झाली. अंगावर आईनं पाठवलेला पांढरा कोरियन पोशाख होता. आपल्याला गुन्हेगार न मानता युद्धकैदी माना, ही त्याची मागणी जपानी न्यायालयानं फेटाळली. पूर्व आशियातल्या शांततेवर तो तुरुंगात एक निबंध लिहीत होता. तो अपुराच राहिला. भावांनी देह मागितला. दिला नाही. तुरुंगवाल्यांनी तो कुठं पुरला, ते आजवर सापडलेलं नाही. पाच महिन्यांनी, ऑगस्ट १९१० मध्ये, जपाननं अख्खा कोरिया गिळला.

दोन साम्राज्यं एकमेकांपासून इतकी दूर, तरी दोघांनाही एकच गोष्ट उमगली होती. मेलेला देशभक्त घरच्यांना परत दिला, तर तो कायमचा जिवंत होतो. पण देह लपवूनही त्यांचा हिशेब चुकला. कोरियन माणूस अजून ती कबर शोधतोय. आणि ठाण्यात राहणाऱ्या तुम्हाला खाडी ओलांडताना यापुढं ती नुसती खाडी दिसणार नाही.

पॅरिस, लंडन, मार्से : १९१०

पेटी पाठवणाऱ्याचं काय झालं? १९१० च्या जानेवारीत सावरकर पॅरिसला पोचले. मादाम कामांच्या आश्रयाला. याच बाईंनी १९०७ च्या ऑगस्टात श्टुटगार्टच्या समाजवादी परिषदेत हिंदुस्थानचा झेंडा फडकवला होता. पॅरिसमध्ये ब्रिटिश पोलिसांचा हात पोचत नव्हता. तिथं राहून लेख लिहिता आले असते, पुस्तकं छापता आली असती, म्हातारपणही आलं असतं. सोबत्यांनी अडवलं. तरी १३ मार्चला ते लंडनला गेले आणि व्हिक्टोरिया स्टेशनवर पकडले गेले.

तुम्हाला त्या गाडीत शेजारी बसून विचारावंसं वाटेल, का जाताय? थोरल्या भावाला काळ्या पाण्याची शिक्षा, सोबती मुंबईच्या कोर्टात, अठरा वर्षांच्या मुलावर फाशीची टांगती तलवार, आणि ज्याच्या शब्दावर हे सगळे उठले तो परक्या शहरात सुरक्षित. हे अंतर त्यांना सहन झालं नाही, असं मला वाटतं.

पुढचं तुम्हाला शाळेपासून माहीत आहे. मोरिया बोट, ८ जुलैची सकाळ, मार्सेचं बंदर, पोर्टहोलमधून घेतलेली उडी, फ्रेंच भूमीवर पुन्हा झालेली अटक, हेगच्या लवादापर्यंत गेलेला वाद. मुंबईत २४ डिसेंबर १९१० ला पहिली जन्मठेप. ३० जानेवारी १९११ ला दुसरी, जॅक्सनच्या खुनाला साहाय्य केल्याबद्दल, म्हणजे त्या पेटीबद्दल. दोन्ही एकीमागून एक, पन्नास वर्षं. सुटकेचं साल १९६०.

ठाणे, कल्याण : जून १९११

डोंगरी, मग भायखळा, मग ठाणे. अंदमानला जाणाऱ्या कैद्यांची तुकडी ठाण्याच्या तुरुंगात जमवली जाते. जिथं कान्हेऱ्याला फाशी दिलं, त्याच तटबंदीत आता पिस्तूल पाठवणारा बंद आहे. हायगेटच्या स्वयंपाकघरात एकमेकांना न ओळखणारी दोन टोकं अखेर इथं, तुमच्या गावात, जुळली. चौदा महिन्यांच्या अंतरानं.

तुकडी निघते. बेड्यांचा आवाज करत माणसं आगगाडीत चढतात. तुम्हीही चढा. पावसाळा सुरू झालाय. मुंब्र्याच्या डोंगरावर ढग टेकलेत. दिवा, डोंबिवली. डोंबिवलीचं स्थानक चिमुकलं, दोन्ही बाजूंना भातखाचरं आणि पाण्यात वाकलेल्या बायका. गाडी कल्याणला येते.

इथं रूळ दुभंगतात. डावीकडचा फाटा कसारा घाट चढून इगतपुरीला जातो आणि तिथून नाशिकला. तिकडं भगूर आहे, गोदावरी आहे, ओसरीवर वाट पाहणारी घरची माणसं आहेत. उजवीकडचा फाटा कर्जतकडे, बोरघाट चढून पुण्याकडे आणि पुढं मद्रासकडे. मद्रासच्या धक्क्यावर ‘महाराजा’ नावाची बोट उभी आहे. ४ जुलै १९११ ला ती पोर्ट ब्लेअरला पोचेल. चार वर्षं लंडन-पॅरिसमध्ये राहून जो घराकडे बघत होता, त्याच्यासाठी घराची वाट काही तासांच्या अंतरावर आली आणि गाडी उजवीकडे वळली.

सावरकरांच्या पुढच्या आयुष्याबद्दल आणि राजकारणाबद्दल महाराष्ट्रात कडाक्याचे मतभेद आहेत आणि ते तसे असणं योग्यही आहे. पण कल्याण जंक्शनवरच्या या क्षणापर्यंत एक गोष्ट मला निर्विवाद वाटते. त्यांनी पाठवलं आणि पाठवलेल्याची किंमत मोजायला ते स्वतःही आले.

आता तुमच्या वर्षात परत या. कल्याण, डोंबिवली, ठाण्यातल्या सोसायट्यांत क्वचितच असा जिना सापडेल, जिथलं कुणी न्यू जर्सीत, म्युनिकमध्ये किंवा सिडनीत नाही. तिथून आपली मुलं देशाबद्दल बोलतात, भांडतात, पैसे पाठवतात, मतं पाठवतात. आता बोटीला तीन आठवडे लागत नाहीत. सकाळी लिहिलेलं वाक्य दुपारी इथल्या गल्लीत पोचतं आणि संध्याकाळपर्यंत त्यावरून कुणाचं तरी डोकं फुटू शकतं. देशावर प्रेम करायला देशात राहावं लागत नाही. शामजी, कामाबाई, गांधी, आन चांग-हो, आन जुंग-गन, सगळ्यांनी ते दुरूनही केलं आणि त्यांच्या दूर असण्यानं त्यांच्या देशांचं भलंच झालं. परकं शहर विचाराला मोकळीक देतं. ती मोकळीक मायदेशी मिळत नव्हती.

पण दूर राहणाऱ्याकडे मागायची एक गोष्ट आहे आणि ती मी मनापासून मागतो. तुम्ही जे पाठवता, ते कुणाच्या हातात पडेल याचा विचार पेटी बंद करण्याआधी करा. त्या हातांचं वय विचारा. त्या हातांमागच्या घरात येसूवहिनी कोण आहे, ते विचारा. आणि पाठवल्यावर, गरज पडली तर, त्याची जबाबदारी घ्यायला पुढं या, पैशानं, शब्दानं, लागलंच तर स्वतः. मायदेशाचं ऋण दुरून फेडता येतं. त्याचं व्याज मात्र मागं राहिलेल्यांच्या माथी मारून चालत नाही.